शेवटच्या पंगतीलाही गरम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी घरगुती विषयावर बोलावे, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. पाककृती सांगायला आपल्यात पुष्कळ जणी आहेत आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील. म्हणून मी पदार्थ कसा करावा हे न सांगता, केलेला पदार्थ चाळीस माणसांच्या पानात गरम कसा पोहोचवावा, तेही दोन शेगड्यांच्या घरात, एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

विषय लहान वाटेल. पण आपल्या देऊळगाव राजात हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. आश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरली की गावोगावचे पाहुणे उतरतात. संक्रांतीचे हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे, साखरपुडा ही कार्ये घरातच होतात. माणसे चौपट होतात, पण ओटा तेवढाच राहतो आणि गॅसही दोन शेगड्यांचाच असतो. मग काय होते ते आपण सर्वजणी जाणतो. पहिल्या पंगतीला पुरी फुगलेली आणि वरणातून वाफ निघते आहे. दुसऱ्या पंगतीला सारे कोमट. तिसऱ्या पंगतीला भाताची ढेकळे. आणि शेवटच्या पंगतीत बसायचे कोणी? ज्यांनी सकाळपासून रांधले त्या बायांनी. त्यांच्या वाट्याला गार भात, गंजाच्या तळाचे वरण आणि वातड पुऱ्या येतात. जिने सगळ्यांना गरम वाढले तीच गार जेवते, आणि हे इतके अंगवळणी पडले आहे की कोणाला त्याचे वाईटही वाटत नाही. मला वाटते, वाईट वाटले पाहिजे. माझ्या मते गरम जेवण वाढले की नाही याची परीक्षा पहिल्या पंगतीला घेऊ नये. ती शेवटच्या पंगतीला घ्यावी.

आता कोणी म्हणेल, भांडी कमी, शेगड्या कमी, बाई तरी काय करणार? याला आपल्याच भागात एक उत्तर आहे. शेतात किंवा देवाच्या ठिकाणी रोडग्यांचे जेवण असते. शंभर-दोनशे माणसे असतात. तेथे ओटा नसतो, तवा नसतो, कढई नसते. गोवऱ्या रचून पेटवतात, त्यांचा निखारा झाला की त्यात कणकेचे गोळे भाजतात आणि भाजलेले रोडगे गरम राखेत पुरून ठेवतात. शेजारी एका मोठ्या गंजात वांग्याची भाजी, दुसऱ्यात वरण. लोक बसले की राख झटकायची, रोडगा फोडायचा, वर तूप घालायचे. मागाहून बसणाऱ्यालाही रोडगा गरमच मिळतो. याचे कारण काय? राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. गरम करणे हे एक काम आणि गरम राखणे हे दुसरे काम. पहिल्याला विस्तव लागतो. दुसऱ्याला विस्तव थोडा आणि पांघरूण जास्त लागते.

आपली चूक होते ती येथे. आपण दोन्ही शेगड्या शेवटपर्यंत रांधण्यात गुंतवतो आणि राखणीला एकही ठेवत नाही. माझे पहिले सांगणे हे की पाने मांडायच्या वेळी दोन शेगड्यांपैकी एकच रांधणारी असावी आणि दुसरी राखण करणारी असावी.

पण त्यासाठी बेत आधी नीट ठरवला पाहिजे. आपले मराठी ताट पाहा. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. हे सारे गारच खायचे. गोडाला लाडू किंवा श्रीखंड केले तर तेही गारच. पुरणपोळी गार झाली तरी चालते, तिच्यासोबतची कटाची आमटी मात्र कढत हवी. म्हणजे ताटातले निम्मे पदार्थ मुळातच शेगडी मागत नाहीत. गरम हवे ते भात, वरण, एक भाजी आणि पोळी किंवा पुरी. दोन शेगड्यांच्या घरी यापेक्षा पाचवा गरम पदार्थ धरू नये. भजी, पापड, कढी, रस्सा, खीर असे सगळेच काढले की एकही धड गरम राहत नाही. डावी बाजू भरगच्च करा. दोन चटण्या, दोन कोशिंबिरी करा. पाहुण्याला ताट भरलेले दिसते आणि शेगडीवर भार पडत नाही.

आता हिशेब. स्वयंपाकात हिशेब केला नाही तर घाम गाळूनही उपयोग होत नाही. चाळीस पाने धरू. पोळ्या करायच्या तर माणशी ३ म्हणजे १२० पोळ्या. एका तव्यावर एका पोळीला दीड मिनिट धरले तर १८० मिनिटे, म्हणजे एक बाई ३ तास तव्यापुढे. आयत्या वेळी हे होणारच नाही. म्हणून पोळ्या सकाळी करून, कापड अंथरलेल्या डब्यात घट्ट झाकून ठेवाव्या लागतात. पुऱ्यांचा हिशेब निराळा आहे. माणशी ५ म्हणजे २०० पुऱ्या. कढईत एका वेळी ४ बसतात आणि एका घाण्याला सुमारे एक मिनिट लागते. म्हणजे ५० मिनिटे. चाळीस जण एकदम बसले तर ही पुरी कोणालाच गरम मिळत नाही. पण बारा-बारा पाने बसवली तर? पहिल्या वाढीला प्रत्येकी २ म्हणजे २४ पुऱ्या, म्हणजे अवघी ६ मिनिटे. चटणी-कोशिंबीर वाढून होईपर्यंत पुऱ्या तयार होतात. म्हणून लहान घरात मोठी पंगत नको. पाहुण्यांच्या बारा-बाराच्या ३ पंगती आणि रांधणाऱ्या चौघींची चौथी पंगत, असे ४० पानांचे गणित बसते.

साहित्याचा अंदाजही सांगते. पुरी-भाजी आणि भात असा बेत असेल तर ४० माणसांना ३ किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ, ५ ते ६ किलो भाजी आणि पुऱ्यांना साडेतीन किलोच्या आसपास कणीक पुरते. ज्या घरी भात जास्त खातात त्यांनी तांदूळ किलोभर वाढवावा.

आता वेळापत्रक. जेवण १२ वाजता धरू. घरात ५ लिटरचा एक कुकर आहे आणि दोन मोठे गंज आहेत, एवढेच धरू. लाडू आणि चटणी आदल्या दिवशी करावी. सकाळी ९ वाजता एका शेगडीवर डाळ लावावी. डाळीला कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, फेस येऊन शिटी बुजते. म्हणून अर्धा-अर्धा किलो असे ३ कुकर, सव्वादहापर्यंत. दुसऱ्या शेगडीवर तेवढ्या वेळात मोठ्या गंजात भाजी होते. सव्वादहाला वरण घोटून, फोडणी देऊन खळखळून उकळावे, झाकण घट्ट लावावे आणि गंज तसाच गोधडीत गुंडाळून ठेवावा. ११ वाजता भाताचा पहिला कुकर लावावा, १ किलोचा. तो उतरला की लगेच दुसरा. तिसरा किलो मात्र मुद्दाम मागे ठेवावा, तो कशासाठी ते पुढे सांगते. साडेअकराच्या सुमारास दुसऱ्या शेगडीवर एका रुंद पसरट भांड्यात चार बोटे पाणी उकळत ठेवावे आणि त्यात भाजीचा गंज बसवावा. ही आपली राखणीची शेगडी. आच मंद ठेवावी. भाजी तळाला लागत नाही आणि गारही होत नाही. पाणी आटले की पुन्हा गरम पाणीच घालावे. बाराला दहा मिनिटे असताना भाताची शेगडी मोकळी होते, तीवर तेलाची कढई चढवावी.

आणि तिसरा कुकर? पाऊण वाजून गेला की राखणीच्या शेगडीवरचा गंज थोडा वेळ उतरवून गोधडीत ठेवावा आणि तेथे तांदळाचा तिसरा किलो लावावा. तो शिजून उतरतो तो तिसऱ्या पंगतीच्या आणि आपल्या पंगतीच्या वेळेला. म्हणजे शेवटच्या पानात जो भात पडेल तो सकाळचा नसेल, आत्ता उतरलेला असेल. यात जास्त कष्ट काहीच नाहीत. पहाटे एकदम तिन्ही कुकर लावून मोकळे होण्याची घाई तेवढी सोडायची.

गोधडीचे नाव काढले म्हणून थोडे सांगते. उकळते भांडे पांघरुणात ठेवण्याची युक्ती जगभर आहे. महायुद्धांच्या काळात इंग्लंडात इंधनाची टंचाई होती, तेव्हा तेथील गृहिणी वाळलेल्या गवताने भरलेल्या पेटीत उकळते पातेले ठेवून त्यातच अन्न शिजवीत. आपल्या राखेतल्या रोडग्याचेच हे भावंड म्हणा. आपल्याकडे गवताच्या पेटीचीही गरज नाही. एका खोक्यात किंवा मोठ्या टोपल्यात जुनी गोधडी अंथरावी, भांडे मध्ये ठेवावे, चारी बाजूंनी जुने कपडे दाबून भरावे आणि वरून दुसरी गोधडी घालावी. तीन गोष्टी मात्र पाळाव्या. भांडे ठेवताना आतले अन्न खळखळ उकळत असावे. भांडे गळ्यापर्यंत भरलेले असावे, अर्धे रिकामे भांडे लवकर निवते. आणि मध्येच झाकण उघडून पाहू नये. सगळ्यात जास्त उष्णता वाफेच्या वाटेने जाते.

एका विस्तवावर अनेक पदार्थ, हीही जुनीच विद्या आहे. १९१० च्या सुमारास बंगालमधील डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची लहानशी शेगडी, वर एकावर एक डबे. एकाच विस्तवाच्या वाफेवर भात, डाळ, भाजी सारे शिजायचे. तो महाराष्ट्रातही पुष्कळ घरांत वापरला जाई. पुढे १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि इकमिक मागे पडला. पण त्याचे तत्त्व विसरू नये. ज्या घरी उंच कुकर किंवा मोदकपात्र आहे तेथे खाली एक आणि वर एक असे डबे लावले की एका शेगडीचे काम दुप्पट होते.

आणखी काही बारीक गोष्टी. आपल्या वऱ्हाडी रश्श्यावर तर्री असते. ती नुसती जिभेसाठी नाही. तेलाचा तो थर वाफ कोंडून ठेवतो आणि रस्सा जास्त वेळ कढत राहतो. पिठले पातळ वरणापेक्षा सावकाश निवते, कारण दाट पदार्थ हलत नाही. भात परातीत पसरून मोकळा करून ठेवला की दहा मिनिटांत गार. तो कुकरमध्येच झाकून ठेवावा आणि लागेल तेवढाच काढावा. पुरी, भजी, वडे मात्र कधीही झाकू नयेत. त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. ते चाळणीत उघडे ठेवावे किंवा आयत्या वेळी तळावे. ज्यांच्याकडे गरम राखणारे प्लास्टिकचे डबे आहेत, ज्यांना आपण हॉटपॉट म्हणतो, त्यांनी त्यात आधी उकळते पाणी पाच मिनिटे ठेवावे, ते ओतून पुसून मग अन्न भरावे. डबा उष्णता राखतो, तो उष्णता निर्माण करत नाही. कोमट घातले तर कोमटच निघणार.

वाढण्यातही क्रम हवा. सगळा गंज पंगतीत फिरवू नये. राखणीच्या भांड्यातून लहान झाकणाच्या डोंग्यात थोडे थोडे काढावे आणि पुन्हा पुन्हा भरावे. प्रत्येक पंगतीआधी त्या पंगतीपुरते वरण लहान पातेल्यात घेऊन पुन्हा एकदा कढवावे. पानात आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लाडू. मग माणसे बसवावी. मग भाजी, मग पुरी, आणि पुऱ्या होत आल्या की वरण-भात. आपल्याकडे हौसेने आधीच सगळे पान वाढून ठेवतात आणि मग पाहुण्यांना हाका मारतात. पाहुणे हात धुऊन, गप्पा आटोपून येईपर्यंत वरणावर साय धरते. पानाने माणसाची वाट पाहू नये, माणसाने पानाची दोन मिनिटे वाट पाहिली तरी चालते.

एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. गरम वाढणे हा नुसता चवीचा प्रश्न नाही. कोमट अन्नात रोगजंतू फार झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर कढत राहावे किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहावे, मधल्या स्थितीत दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असा नियम आहे. वैशाखातल्या आपल्या उन्हात तर एक तासच धरावा. भाताची विशेष काळजी घ्यावी, कारण त्यातील एका जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहाचा प्रसाद घेतल्यावर शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावे लागले. ती चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जो कोणी चार माणसांना वाढतो त्याने ती विसरू नयेत.

घरात उष्णतामापक नसतो. पण एक खूण सांगते. पळीभर वरण स्टीलच्या वाटीत घ्यावे. वाटी हातात सहज धरवली तर ते गरम नाही, पुन्हा उकळावे. नुसते कोमट करू नये, उकळी आणावी. उरलेले अन्न जेवणे आटोपताच लहान, पसरट भांड्यांत काढून शीतकपाटात ठेवावे. मोठा गंज तसाच आत ठेवला तर तो मधून कित्येक तास कोमटच राहतो.

विस्तवाबद्दलही दोन शब्द. जादा शेगडी म्हणून पुष्कळ जणी विजेची इंडक्शन शेगडी आणतात. ती चांगली आहे, पण २००० वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. दिव्यापंख्याच्या लहान सॉकेटवर ती लावू नये, १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. गॅसचे सिलिंडर कधीही आडवे करू नये, उभेच ठेवावे. कढईजवळ लहान मुले आणि लोंबता पदर नको.

आता शेवटचा आणि मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. हे सगळे एका बाईने करायचे नाही. एक तळणारी, एक डोंगे भरणारी, दोघी वाढणाऱ्या, आणि प्रत्येक पंगतीनंतर जागा बदलायच्या. कढईपुढे सलग दोन तास कोणालाच उभे करू नये, मग ती थोरली जाऊबाई असो की नवी सून. पहिली पंगत बसण्यापूर्वीच चार पानांची भाजी आणि वरण वेगळ्या डब्यांत कढत काढून गोधडीत ठेवावे आणि २० पुऱ्यांची कणीक बाजूला झाकावी. ते चौथ्या पंगतीचे. त्याला कोणी हात लावायचा नाही. पहिल्या पंगतीत जेवून तृप्त झालेल्यांपैकी कोणीतरी उठून त्या चौघींना वाढावे. घरातील पुरुषमंडळींनी वाढले तर फारच उत्तम. लग्नाच्या पंगतीत ते कंबर कसून वाढतातच, मग घरच्या बायकांना वाढण्यात कमीपणा कसला?

काही काकू म्हणतील, आम्ही जन्मभर गार जेवलो, आमचे काय बिघडले? त्यांचा अनादर न करता मी म्हणेन, की बिघडले नसेलही, पण आपल्या लेकीसुना गार जेवाव्यात असे त्यांना वाटते काय? अन्नपूर्णेच्या घरी अन्नपूर्णाच शेवटी गार घास खाते, ही रीत कोणत्या शास्त्रात सांगितलेली नाही. ती केवळ नियोजन नसल्याने पडलेली सवय आहे, आणि सवय मोडता येते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. झाकणाचे दोन मोठे गंज, एक उंच कुकर, एक रुंद पसरट भांडे, सहा झाकणाचे डोंगे आणि गोधडी भरलेली एक मोठी पेटी, एवढे साहित्य मंडळाने वर्गणीतून घेऊन ठेवावे. ज्या सभासद भगिनीच्या घरी कार्य असेल तिने वहीत नाव लिहून न्यावे आणि घासून परत आणून द्यावे. एकेका घराला ही भांडी वर्षातून दोनदाच लागतात, मग प्रत्येकीने ती विकत घेण्याचे कारण नाही. भांड्यांबरोबर मंडळाच्या दोघी मदतीला गेल्या, तर मग विचारायलाच नको.

पुढच्या वर्धापनदिनाला आपण सर्वजणी एकत्र जेवू, तेव्हा शेवटच्या पंगतीत बसलेल्या बाईच्या वाटीकडे पाहा. तिच्या वरणातून वाफ निघत असेल तर आपल्या मंडळाने यंदा काहीतरी केले असे मी समजेन.